शुक्रवारची घरची गोष्ट

‘उपक्रम’ हा शब्द ऐकला की माझ्या कपाळावर आठी येते. तीसेक वर्षं मराठी शिकवल्यावर माझं असं मत झालं आहे की मुलांना वाचायला द्यावं, लिहायला लावावं आणि चुकलं तर सांगावं. भाषा येते. त्यासाठी वर्गात फुगे लावावे लागत नाहीत. त्यामुळे वाघोलीच्या शाखेत पाचवीच्या वर्गशिक्षिकेने दर शुक्रवारी गोष्टीचा तास सुरू केला आहे, तो नेमका काय प्रकार आहे ते जरा बघा, असं मुख्याध्यापिकांनी मला सांगितलं, तेव्हा मी मनातल्या मनात अहवाल लिहूनच वर्गात शिरले होते. अभ्यासक्रम मागे पडतो आहे, तास बंद करावा, एवढ्या दोन ओळी पुरल्या असत्या.

आमच्या शिक्षणसंस्थेने पुण्याबाहेर ही शाखा काढली आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना मला तिथे धाडलं. मंडईच्या मागच्या गल्लीतून निघून दोन बस बदलत मी रोज वाघोलीला जाते. घरचे म्हणतात, एवढ्या वेळात माणूस साताऱ्याला पोचतं. पेठेतल्या माझ्या जुन्या शाळेत मुलाचं आडनाव ऐकलं की त्याच्या आजोबांचं दुकानसुद्धा डोळ्यांपुढे यायचं. इथे तसं काही चालत नाही. एकाच बाकावर खराडीच्या कंपनीतल्या इंजिनिअरचा मुलगा, कारखान्यातल्या फिटरची मुलगी आणि मूळच्या वाघोलीकराचा नातू बसतात. तिघांची मराठी तीन तऱ्हेची, आणि तिघेही एकमेकांशी बऱ्याचदा हिंदीतच बोलतात.

या मुलांनी एकमेकांना गावांची नावं ठेवली होती. म्हणजे ‘ए बिहार, बॉल दे’ किंवा ‘लातूर, सरक ना’. मूळच्या वाघोलीकरांना ‘गाववाले’. भांडण नसायचं त्यात, पण एकदा नाव पडलं की त्या गावाबद्दल जे काही ऐकलेलं असेल ते सगळं त्या पोराच्या डोक्यावर. एक मुलगी जूनमध्ये भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आली होती. पहिल्याच दिवशी ती ‘मले पाणी पाहिजे’ म्हणाली आणि वर्ग खदखदून हसला. तिचं नाव ‘विदर्भ’ पडलं. त्या दिवसानंतर ती बोललीच नाही. हजेरीला हात वर करायची, पाटीवर उत्तर लिहून दाखवायची, गणितं चटकन सोडवायची. पण तोंडातून शब्द नाही.

तिची आई खराडीच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. बहुतेक रात्रपाळी. वडील नव्हते. पुण्यात या दोघीच राहायच्या.

पाचवीची वर्गशिक्षिका वाघोली गावातलीच, तिशीच्या आतली. घरी फोनवर बोलताना ‘हाय’ आणि ‘न्हाय’, वर्गात पाऊल टाकलं की ‘आहे’ आणि ‘नाही’. मला बाई म्हणायची. पहिल्या शुक्रवारी मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा तिने मुलांना सांगितलं, “बाई आल्यात, त्यापण गोष्ट ऐकणार आहेत.” निरीक्षणाला आल्यात असं म्हणाली नाही. हुशार आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

तिची पद्धत अशी. गोष्ट घरची हवी, म्हणजे घरात कुणीतरी सांगितलेली. ती घरातल्या बोलीतच सांगायची. मध्ये कुणी सुधारायचं नाही. आणि शेवटी तात्पर्य नाही. हे ऐकून मी खुर्चीवरून उठायचीच बाकी होते, म्हणजे खुर्ची असती तर. तात्पर्याशिवाय गोष्ट म्हणजे आमच्या पिढीला मिठाशिवाय वरण. पण खरी गंमत पुढेच होती. गोष्ट सुरू व्हायच्या आधी ती विचारायची, “याच्या गावाबद्दल आपल्याला काय काय माहीत आहे?” मुलं जे सांगतील ते फळ्याच्या डाव्या बाजूला लिहायची. कितीही वेडंवाकडं असो, रागवायची नाही, ‘असं बोलू नये’ म्हणायची नाही. गोष्ट संपली की डस्टर टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, “आता ज्याला जे पुसावंसं वाटेल त्याने ते पुसा.” बस, एवढंच. उपदेशाचा एक शब्द नाही.

पहिल्या दिवशी ‘बिहार’ची पाळी होती. फळ्यावर आलं: पाणीपुरी विकतात, घरं रंगवतात, पान खाऊन थुंकतात. पालकांनी पाहिलं तर? पण तो पोरगा निवांत. त्याने आजीची गोष्ट सांगितली. तिच्या आंब्याच्या बागेत एक माकड रोज चोरी करायचं. आजीने चिडून त्याला पकडलं आणि हिशेब ठेवायच्या कामावर लावलं. माकडाला मोजता येईना म्हणून आजी त्याला रोज संध्याकाळी अंक शिकवायला बसली, आणि ते शेवटी इतकं शिकलं की आजीचीच एक बेरीज चुकलेली त्याने काढली. मुलं लोळून हसली. मग एक मुलगी उठली आणि तिने ‘पाणीपुरी विकतात’ पुसलं. कारण विचारल्यावर म्हणाली, “याची आजी तर गणिताची टीचर होती ना.” दुसरा म्हणाला, “पण विकली तर काय झालं? मला आवडते.” यावर वर्गात जी चर्चा झाली ती मी घडवून आणायची म्हटलं असतं तर मला चार तास लागले असते आणि तरी झाली नसती.

मी अहवाल पुढच्या आठवड्यावर ढकलला. मग त्याच्या पुढच्या. मुख्याध्यापिकांनी विचारलं तर म्हणायची, अजून बघते आहे.

एका शुक्रवारी मुलांनी मलाच उभं केलं. फळ्यावर पुण्याच्या पेठांबद्दल आलं: कंजूष, दुपारी झोपतात, पाहुण्यांना चहा देत नाहीत, दारावर पाट्या लावतात. गाववाल्या वाघोलीकराने उत्साहाने भर घातली, “आन् लई टोमणे मारत्यात.” मी म्हटलं, “लिहून घ्या, लिहून घ्या, शुद्धलेखन तेवढं सांभाळा.” मग माझ्या आत्याची गोष्ट सांगितली. तिने दारावर ‘विनाकारण बेल वाजवू नये’ अशी पाटी लावली होती, आणि त्याच दारातून गल्लीतल्या दोन-तीन परगावच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं रोज रात्री जेवायला बोलवायची. जेवण हे कारण आहे, असं तिचं म्हणणं. मुलांनी ‘कंजूष’ पुसलं. ‘टोमणे मारतात’ मात्र एकमताने ठेवलं. मला ते मान्य आहे.

हे सगळं चालू असताना भंडाऱ्याची मुलगी पहिल्या बाकावर बसून ऐकायची. नुसती ऐकायची नाही, तिचे ओठ हलायचे. वर्गशिक्षिकेच्या ते लक्षात आलं होतं, पण तिने एकदाही तिला ‘तू सांगतेस का’ असं विचारलं नाही. मी चिडून म्हटलं, “अगं, एकदा ढकल तरी.” ती म्हणाली, “बाई, ढकललेली गोष्ट वर्गाची होईल. मला तिची पाहिजे.” माझ्या अर्ध्या वयाच्या मुलीकडून मला असं काही ऐकायची सवय नव्हती. पण ती बरोबर होती, आणि मला तिचा अभिमान वाटला.

गणपती झाल्यानंतरच्या एका शुक्रवारी त्या मुलीने आपणहून हात वर केला.

वर्ग चकित झाला. फळ्यावर भराभर आलं: तिकडे पाणीच नसतं, फक्त ऊन, फक्त संत्री, वाघ माणसं खातात, सगळे गरीब असतात. ती पुढे आली. मुलं शहाण्यासारखी बसली, हाताची घडी, तोंडावर बोट. आमच्या संस्थेची शिस्तच तशी आहे. गोष्ट चालू असताना टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “एका गावात एक तलाव होता.”

आणि थांबली.

आम्ही वाट पाहिली. ती आमच्याकडे बघत राहिली. मग तेच वाक्य परत म्हणाली. पुन्हा थांबली. वर्गात चिडीचूप. तिची नजर एका बाकावरून दुसऱ्या बाकावर फिरत होती, जणू आमच्यापैकी कुणीतरी काहीतरी करायचं होतं आणि करत नव्हतं. तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं तेव्हा आवाज बसला होता. तेवढ्यात खराडीच्या इंजिनिअरचा मुलगा, वर्गातला अव्वल नकलाकार, म्हणाला, “विदर्भ हँग झालं!” आणि हशा पिकला. ती जागेवर जाऊन बसली. त्यानंतर हजेरीला हात वर करणंसुद्धा तिने बंद केलं.

मुख्याध्यापिकांनी तिच्या आईला बोलावून घेतलं. त्याही वाईट नाहीत, पण त्यांना काळजी पटकन कागदावर उतरवायची सवय. मूल रुळत नाही, तज्ज्ञांना दाखवा, असं त्यांनी सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, दिवाळीला मुलीला गावी आजीकडे सोडते, तिथल्या शाळेत घालते. दाखला तयार ठेवा. म्हणजे मुलगी तिकडे आणि आई इकडे. नोकरी सोडता येण्यासारखी नव्हती.

ती बाहेर पडली तेव्हा वर्गशिक्षिकेने तिला स्टाफरूममध्ये बसवून चहा दिला. मी समोरच वह्या तपासत होते. रात्रपाळीहून ती थेट आलेली, डोळे लाल. वर्गशिक्षिकेने विचारलं, “घरी बोलते का हो ती?”

“घरी?” ती हसली, पण त्रासलेलं हसू. “घरी तर तोंड बंद नाही राहत मॅडम. मी ड्युटीवरून येते, जरा पडते, अन् हिची गोष्ट सुरू. आजीनं शिकवून ठेवल्या ना. पडल्या पडल्या हूं म्हणत राहायचं मी. हुंकार द्याच लागते. मले डोळा लागला अन् हूं राहिलं, का ही थांबली. मग हलवून हलवून उठवते मले. माय, हूं म्हण, माय, हूं म्हण.”

“हूं नाही म्हटलं तर?” वर्गशिक्षिकेचा कप हातातच राहिला होता.

“तर गोष्ट पुढं कशी जाईन?” आई म्हणाली. तिला हा प्रश्नच विचित्र वाटला. “ऐकणारं कोणी नाही म्हणून थांबावंच लागते. आमच्याकडे असंच आहे जी. भिंतीले गोष्ट सांगू नाही म्हणतात.”

ती पोर गप्प उभी राहिली नव्हती. ती हूं ची वाट पाहत होती. चाळीस मुलं शिस्तीत तोंडावर बोट ठेवून बसली होती आणि तिला वाटलं, इथे कुणालाच माझी गोष्ट ऐकायची नाही.

वर्गशिक्षिका आईला म्हणाली, “ताई, दाखल्याचं एवढ्यात करू नका. एक शुक्रवार थांबा.” आई म्हणाली, तिकिटं काढून ठेवलीत, शुक्रवारीच दाखला न्यायला येते. आणि उठून गेली. मला त्या बाईचा रागही आला आणि तिच्या लाल डोळ्यांकडे पाहून तो गिळावाही लागला.

मधल्या दिवसांत वर्गशिक्षिकेने जे केलं ते मी शिकवताना कधी पाहिलेलं नाही. मुलीबद्दल ती वर्गात चकार शब्द बोलली नाही. तिने स्वतः एक गोष्ट सुरू केली, वाघोलीतल्या एका हट्टी म्हशीची, आणि ऐन रंगात थांबली. मुलं म्हणाली, पुढे? ती गप्प. पुढे काय झालं मॅडम? गप्प. शेवटी म्हणाली, “ही गोष्ट हूं वर चालते. पेट्रोल तुम्ही टाकायचं.” मुलांना हा खेळ भलताच आवडला. कुणी भसाड्या आवाजात हूं, कुणी नाकातून. तिने तेही ठरवून दिलं: भीतीच्या जागी कसा, हसण्याच्या जागी कसा, पुढे चल म्हणून कसा. नकलाकाराचं तर विचारूच नका. त्याला वर्गाचा मुख्य हुंकारी नेमलं. त्यामुळे त्याचं तोंड प्रथमच चांगल्या कामाला लागलं. मी हे सगळं मागच्या बाकावरून बघत होते आणि, सांगायला हरकत नाही, मीही हूं म्हणत होते.

शुक्रवारी मधल्या सुट्टीआधी, गोष्टीचा तास सुरू होतानाच आई आली. क्लार्क नेमके जेवायला गेलेले. पुण्यातला क्लार्क जेवायला गेला की त्याला ब्रह्मदेवही उठवू शकत नाही. मी तिला म्हटलं, “अहो, इथे उन्हात कशाला उभ्या राहता? वर्गात येऊन बसा.” आणि माझ्या शेजारी मागच्या बाकावर बसवलं. हॉस्पिटलचा पोशाख तसाच होता, पिशवी मांडीवर.

वर्गशिक्षिकेने फळ्याची डावी बाजू मागच्या वेळी होती तशीच पुन्हा लिहून ठेवली होती. पाणीच नसतं, फक्त ऊन, सगळं. ती म्हणाली, “आपली एक गोष्ट अर्धी राहिली आहे. ज्याची आहे त्याला वाटलं तर पुढे यावं.”

मग पहिल्या बाकावरची मुलगी उठून पुढे आली.

“एका गावात एक तलाव होता.”

“हूं,” चाळीस मुलं म्हणाली.

मॅडमच्या म्हशीला मिळणारा हूं आपल्या तलावालाही मिळतो आहे, हे पाहून ती दचकली. मग तिचा चेहरा असा काही उजळला की मला डोळे पुसावे लागले. मी भावनाप्रधान बाई नाही.

“तलाव म्हणजे केवढा, तर इकडून त्या काठावरचा माणूस मुंगीएवढा दिसे.”

“हूं!”

“आमच्याकडे असे तलावच तलाव आहेत. त्याच्या पाण्यावर धान होते, त्यात मासोळ्या होतात.” हे गोष्टीतलं नव्हतं, फळ्याकडे बघून सांगितलेलं होतं. मग गोष्ट सुरू झाली. गावच्या पाटलाने पोरीचं लग्न काढलं. सगळ्यांना अक्षता पाठवल्या, तलावाला विसरला. तलाव रुसला. लग्नाच्या दिवशी तो उठला, अंग झटकलं आणि चालत चालत मांडवात आला. मासोळ्यांसकट, कमळांसकट. पंगतीला बसला. सगळा भात त्याने खाल्ला, वरण प्यायला, तरी पोट भरेना. लोक घरांवर चढले, वऱ्हाडी झाडावर चढले. हूं बारीक झाले, भीतीचे झाले, नकलाकार डोळे विस्फारून नेतृत्व करत होता.

मी शेजारी पाहिलं. आईची मान एका बाजूला कलली होती. झोप लागली होती. रात्रभर जागलेलं माणूस, पंख्याखाली बसलेलं, आणि लेकीचा आवाज. दुसरं काय होणार?

मुलीनेही ते पाहिलं. वाक्य अर्धवट ठेवून थांबली. मला वाटलं, ही आता येणार आणि तिला हलवून उठवणार.

पण नकलाकाराने मागे वळून पाहिलं. मग त्याने हात खाली दाबून वर्गाला खूण केली आणि अगदी हळू, श्वासाएवढ्या आवाजात म्हणाला, “हूं.” त्याच्या मागोमाग सगळ्या वर्गाने तसंच म्हटलं. एवढं हळू की पंख्याचा आवाज त्यापेक्षा मोठा होता.

मुलीनेही आवाज उतरवला. नवरी पुढे झाली, तिने सांगितलं. म्हणाली, तलावा, मला मामा नाही, तू माझा मामा हो आणि माझ्या पाठीशी उभा राहा. तलावाला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तो नवरीच्या मागे शहाण्यासारखा उभा राहिला. अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या, आणि तलाव पोरीचे पाय धुऊन आपल्या जागी परत गेला. तेव्हापासून त्या गावात लग्नाची पहिली अक्षत तलावाला जाते. दर वाक्याला तो हलका हूं येत होता. मध्येच नकलाकार चवड्यांवर चालत फळ्यापाशी गेला आणि ‘पाणीच नसतं’ हे बोटांनीच पुसून परत आला. डस्टरचा आवाज होईल म्हणून.

सुट्टीची घंटा झाली तेव्हा आई दचकून जागी झाली. मुलगी तिच्यासमोर उभी होती.

“झोप लागली जी मले,” आई ओशाळून म्हणाली. “राहिली का गं गोष्ट?”

“नाही राहिली माय,” मुलगी म्हणाली. “तू झोपली तरी पुढं गेली.”

आई उठली. तिने वर्गाकडे पाहिलं. डबे उघडायचे सोडून सगळी मुलं तिच्याकडेच बघत होती. तिने पिशवी उचलली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर पडली. मी आणि वर्गशिक्षिका तिच्या मागून निघालो. क्लार्क जेवून परत आले होते, ऑफिसचं दार उघडं होतं. ती त्या दारापाशी आली, क्षणभर रेंगाळली, आणि सरळ पुढे फाटकाकडे गेली. वर्गशिक्षिकेने माझा हात घट्ट धरला होता.

फाटकाशी ती वळली. “मॅडम, पुढल्या शुक्रवारीबी रात्रपाळीच आहे माझी. इथं येऊन बसली तर चालन का?”

“चालेल की,” मी म्हटलं. “येताना उशी आणा.”